काटा

फर्मान आलं : डेशिया पडली.
काशाच्या नाण्यावर एक रडणारी बाई हवी,
ढालींच्या ढिगाऱ्यापाशी बसलेली.
खेळांच्या आधी ठसा तयार पाहिजे.

डेशिया मी कधी पाहिली नव्हती.
तिथे डोंगर आहेत म्हणे, थंडी फार,
आणि बायका पायघोळ घालतात.
एवढ्यावर देश कोरायचा.

म्हणून धोबीगल्लीतल्या व्हेनुस्ताला बोलावलं.
पायांना मुताचा वास, हातांना गंधकाचा,
पहाटेपासून सोळा टोगे तुडवून आलेली.
ढाल नव्हती, पालथ्या घंगाळावर बसवलं.
"कशाचा विचार करू?"
"कसलाच नको. हात गालाला लाव."
"दाढ दुखतेय असा?"
"तसाच."

मी मेण मळेपर्यंत
तिचा डोळा लागला.
ओठ किंचित उघडे, मान कलती,
आणि खांदे असे, जणू आतून कोणी
खुंटी काढून घेतली.
विजयी सैन्याला याहून चांगली हरलेली बाई
कुठे मिळाली असती?
मी उठवलं नाही.

ठशात सगळं उलटं कोरावं लागतं.
उजवा गाल डावीकडे,
उभार हवा तिथे खळगा.
तीन दिवस मी तिची झोप खणत होतो.

मग ओनेसिमसचा घण.
एका घावात एकीकडे सम्राटाची मान, दुसरीकडे तिची.
छापा आणि काटा.
दिवसभर गरम गरम डेशिया
टोपलीत पडायच्या, भाकऱ्यांसारख्या.

बसण्याचं मोल म्हणून तिला त्यातलंच एक दिलं.
तिने ते उंबऱ्यावर वाजवून घेतलं, खणखणीत.
"ही कोण?"
"हरलेला देश."
"रडतेय?"
"लोक तसं म्हणतील."
तिने अंगठ्याने त्या बाईचं तोंड पुसलं,
नाणं कमरेच्या गाठीत बांधलं
आणि जाता जाता म्हणाली,
"पाठ भरून आली असेल बिचारीची."

उन्हाळ्यात खऱ्या आल्या.
बाजारातल्या चौथऱ्यावर, पायांना खडू फासलेल्या.
एकीलाही बसू दिलं नव्हतं.
गालाला लावायला
हात मोकळे नव्हते.
आणि रडत कोणीच नव्हतं.
शेवटची तर दलालाच्या डोक्यावरून
पलीकडे कुठेतरी बघत होती,
चुलीवर काही ठेवून आल्यासारखी.

मी मासळी घ्यायला निघालो होतो.
मुठीत तीन नाणी, घामाने ओली.
बराच वेळ उभा राहिलो.

बाह्या मनगटापर्यंत असतात त्यांच्या.
मी कोपरापर्यंतच कोरल्या होत्या.