फलाट सात, रात्रपाळी

साडेआठची धुळे–पुणे लागली, सुटली.
माझा माइक जुना,
‘पुणे’ म्हणताना ‘णे’ नेहमी फाटतो.

धडगावचा जाडू पावरा
लेकीची पत्र्याची पेटी सीटखाली ढकलत होता,
मावेना, तर कंडक्टर खेकसला.
नर्सिंगला निघालेली पोर
हात न हलवता खिडकीतून बघत राहिली.

त्याची परतीची गाडी पहाटे सव्वापाचला.
तोवर तो बाकड्यावर,
फडक्यात दादरची भाकर, वर ठेचा.
दर तासाला खिडकीशी यायचा:
‘साहेब, पुणं आलं असेल?’
दहाला मी सांगितलं, मालेगाव गेलं.
बाराला, येवला.
दोनला वैतागलो, तोंडातून घरची बोली निसटली,
‘बठ ना भाऊ, आते येई तुनं पुनं.’
तो हसला. बसला नाही.

शिवाजीनगरला फोन लावला.
वाजत राहिला.

चार पस्तीसला मी बटण दाबलं,
कुठल्याच परिपत्रकात नसलेलं वाक्य:
‘प्रवाशांनी लक्ष द्यावे.
धुळ्याहून सुटलेली गाडी पुण्यास पोहोचली आहे.’
रसवंतीपुढची कुत्री उठून बसली.
एक झोपलेला ड्रायव्हर
दचकून चप्पल शोधू लागला.

जाडूने तेव्हा कुठे फडकं सोडलं.
अर्धी भाकर मोडून
तिकिटाच्या भोकातून आत सरकवली.
ठेचा जहाल होता, डोळे भरले,
त्याचं कारण ठेचाच.

सव्वापाचची धडगाव वेळेवर गेली.
पाच वीसला फोन वाजला.
शिवाजीनगर असावं.
मी माइक पुसत बसलो.