एकसष्ट किलो

आमच्या इमारतीच्या पोटात युद्धासाठी बांधलेलं तळघर आहे.
वीतभर जाडीचं पोलादी दार,
भिंतीवर हातपंप, बाहेरची हवा गाळून घ्यायला.
युद्ध आलं नाही, म्हणून वजनं आली.
किल्ली माझ्याकडे असते.
वहीसुद्धा: नाव, मजला, वेळ
आणि शेवटी कुणा उत्साही बाईनं आखलेला एक रकाना,
‘कशासाठी?’

कायानीत डिसेंबरचा दिवस दुपारी अडीचलाच आवरतं घेतो.
पुरुष जिना उतरतात, बुटांना बर्फ, तोंडाला कुलूप.
रकान्यात लिहितात: पाठ. साखर. डॉक्टर.
व्हेसानं लिहिलं घटस्फोट,
मग खोडून, पाठ.
सोळा वर्षांचा एएली तंबूएवढा शर्ट घालून येतो,
आरशाकडे पाठ करून टेपनं दंड मोजतो,
आणि अर्धा सेंटिमीटर कमी भरला की
त्या रात्री जेवत नाही, किंवा दोनदा जेवतो.
त्यानं रकान्यात नुसती रेघ मारली आहे.
मी काय लिहिलं ते विचारू नका.
किल्ली माझ्याकडे, तसं ते पानही.

ओइवा आला ऑक्टोबरात, चौथ्या मजल्यावरून.
बहात्तर वर्षांचा, निवृत्त क्रेनचालक.
जन्मभर टनांनी लाकूड उचललं, म्हणाला,
दोन बोटांनी.
रकान्यात आकडा लिहिला, ६१.
मला वाटलं वय चोरतोय.

रिकामा दांडाच वीस किलोचा.
पहिल्या दिवशी तोच त्याला घेऊन पुढे झुकला.
गुडघे करकरले, डावा खांदा जुन्या दुखण्याचा,
आणि त्याहून जड
पोरांसमोर वाकणं,
वाकल्यावर वर येता न येणं.
म्हणून तीन आठवडे तो रात्री अकराला किल्ली मागायला यायचा
आणि मी चरफडत कॉफी टाकायचो.

एका रात्री एएलीही होता.
टाचा रोव, म्हणाला, छाती वर,
दांडा नडगीला चिकटून येऊ दे, कवटाळल्यासारखा.
ओइवा थांबला.
ते येतं मला, म्हणाला.

नंतर बोलला, माझ्याशी नाही, कपाशी:
जूनमध्ये लेम्पी न्हाणीघरात पडली.
मी धरलं, ती निसटली. परत धरलं.
शेवटी खालच्या मजल्यावरची पोरं बोलावली.
टॉवेलसुद्धा नीट नव्हता तिच्या अंगावर.
तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं
ते त्या पोरांमुळे नव्हे.
एकसष्ट किलो होती ती.

होती?

आहे. वर आहे. टीव्ही बघतेय.

जानेवारीत चाळीस.
फेब्रुवारीत खांदा सुजला, झोळीत हात घालून
तो नुसता बाकावर बसायचा, घड्याळाप्रमाणे चाळीस मिनिटं.
मार्चमध्ये पन्नास,
आणि व्हेसा, जो कुणाकडे बघतही नाही,
त्यानं स्वतःच्याच मांडीवर दोनदा थाप मारली.

त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या काट्यावर
लेम्पी सत्तेचाळीस भरली.
मला हिशोब पटकन जमतो. म्हणालो,
ओइवा, झालं की. पोचलास तू.
माझ्या शब्दाला त्या तळघरात थोडं वजन आहे असं मी समजत होतो.
तो माझ्याकडे असा बघत राहिला
की मी कपबश्या विसळायला घेतल्या.
काटा खाली येतोय, म्हणाला,
म्हणून मीही खाली यायचं?

एप्रिलअखेर नदीतला बर्फ फुटला त्या रात्री
त्यानं दोन्हीकडे वीस-वीस लावले.
साठ. एक कमी.
एएली गुडघ्यांवर बसून पंपामागे हात घालत राहिला,
अर्ध्या किलोच्या त्या दोन चकत्या सापडेपर्यंत,
ज्या कधी कुणी वापरत नाही.

दांडा नडगीवरून, गुडघ्यावरून, मांडीवर आला.
ओइवा ताठ उभा राहिला.
कुणी मोजत नव्हतं, तरी बराच वेळ.
मग खाली ठेवला, इतका हळू
की लोखंडाला कळलं नसेल जमीन कुठं लागली.

पोरं आपटतात. कितीही जाड भिंत असो,
आवाज वरपर्यंत जातो.

झोपली असेल ती, ओइवा म्हणाला.