सरळ अंतर

गुरुवारी मी तिकिटांचं दुकान उघडायच्या आधीच
पागनीस पायरीवर येऊन बसलेले असतात.
मल्हारगंजातून पायी, डोक्याला रुमाल,
पिशवीत माझ्यासाठी पोह्यांची पुडी, वर जिरावण जास्त.
"बघ रे, आज काय निघतंय?"
सराफ्यात सोन्याचा भाव विचारावा, तसं विचारतात.

मी इंदूर टाकतो, ऑकलंड टाकतो.
बारा हजार दोनशे आणि वर काही किलोमीटर.
"वर काही म्हणजे?"
पासष्ट, काका.
ते डायरीत लिहितात,
गेल्या गुरुवारच्या पासष्टाखाली पासष्ट.

वेळ साडेचौदा तास. खाली बारीक अक्षरात: सरळ गेल्यास.
पण सरळ कोणीच जात नाही.
हे अंतर ज्या विमानाचं आहे
ते विमान इथून सुटतच नाही.
आधी दिल्ली, म्हणजे उलटं, उत्तरेला,
मग सिंगापूरच्या बाकड्यावर सात तास,
मग समुद्र,
एकूण सत्तावीस, नशीब बरं असेल तर.

काका हसतात. "राजवाड्याचा वनवेच की!
समोरच्या दुकानात जायचं
तर आधी अख्खी चक्कर मारा."

चाळीस वर्षं त्यांनी मिलमध्ये कापड मोजलं,
अंगठा आणि बोटामधून थान सरकवत.
एकदा काउंटरवरच्या पृथ्वीच्या गोळ्यावर
मिठाईच्या खोक्याची दोरी ताणली:
बंगालचा उपसागर, जावा, ऑस्ट्रेलियाच्या पोटावरून पार.
"वीतभर," म्हणाले, "आणि दोन बोटं."
दोरी गुंडाळून खिशात घातली.

घड्याळाचा फरक साडेसात तास.
"साडेसाती निदान संपते तरी," असं म्हणाले होते.
एप्रिलात तिकडचे लोक घड्याळ मागे घेतात,
फरक साडेसहाचा होतो.
त्या दिवशी त्यांनी मला भुट्ट्याचा कीस खिलवला.
पोर एक तास जवळ आली होती.

तिकिटाचं मी विचारत नाही.
पासपोर्ट आहे त्यांच्याकडे, पानं कोरी,
पुढच्या वर्षी मुदत संपते.

या गुरुवारी मात्र म्हणाले,
"आता तिकडून इकडे किती, ते काढ."
तेवढंच असतं, काका.
तरी उलटं टाकून दाखवलं. पासष्ट.
त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
पुन्हा पाहिलं.
"नाही भिया, मशीन चुकतंय.
तिकडून जास्त आहे.
ऋजुताला चार वर्षं झाली,
अजून दिल्लीलासुद्धा पोचली नाही."

मी पुडी उघडली. पोहे गार झाले होते.
बिजासनच्या बाजूनं एक विमान वर आलं, वळलं,
दिल्लीचंच असावं.
पागनीस पायरीवर थांबून बघत होते,
अंगठा आणि बोट हवेत,
थान सरकतंय तसे.