वस्तीची गाडी

सलायनात आज वारा पंचवीस नॉट.
दोरानं जखडलेली सेसना
दाव्याच्या वासरासारखी हिसके देते आहे.
वेंडेल इंधनाची नळी गुंडाळतो, शिव्या देतो वाऱ्याला,
मी पंखाखाली ओणवी,
आणि फोनवर अर्धीच ओळ:
‘आपल्याला कळवताना आनंद’
पुढचं उघडायला अंगठा लागतो.
हातमोजा निघत नाही.

दोन वर्षं मी जमिनीखालच्या नळावरून उडते आहे.
आठशे फुटांवरून बघायचं,
हिरव्या गवतात पिवळा डाग पडलाय का,
म्हणजे खाली गॅस गळतोय.
हिवाळ्यात सगळंच पिवळं,
तेव्हा बघायची ताजी माती, कुणाचा जेसीबी,
नळाच्या अंगावर कुणी कुदळ तर उगारत नाही ना.
संध्याकाळी वहीत: दोन पूर्णांक एक.
एक पूर्णांक सात.
वादळात शून्य पूर्णांक चार, आणि परत.
भिशीसारखे जमवले पंधराशे तास.
भिशी निदान दर महिन्याला कुणाला तरी लागते.

मुलाखतीत कॅप्टन लिंडहोम म्हणाल्या,
कधी नापास झालात?
झाले. व्यावसायिक परीक्षेत.
ठरलेल्या रेषेच्या साठ फूट अलीकडे टेकवलं.
वारा होता?
मला होय म्हणता आलं असतं.
नाही, मी म्हटलं, मी रेषेकडे बघत होते,
वेगाकडे नाही.
त्यांनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं.
एवढं काय असतं लिहिण्यासारखं साठ फुटांत?
मग विचारलं, आडनाव नीट कसं म्हणायचं?
मघापासून मी गोसाल्कर म्हणतेय.
घोसाळकर, मी म्हटलं. घ.
त्यांनी दोनदा प्रयत्न केला. दुसरा बरा होता.
म्हणाल्या, सांगून ठेवा लोकांना,
प्रवाशांना रोज सांगावं लागणार आहे तुम्हाला.

मोजा शेवटी दातांनी ओढला.
सेकंड ऑफिसर नाही, शिकाऊ नाही,
फर्स्ट ऑफिसर. नऊ फेब्रुवारीला वर्ग सुरू.
वैद्यकीय तपासणी बाकी, कागद बाकी,
‘या अटींवर’ हा शब्दप्रयोग तीनदा.
वेंडेल म्हणाला, मग?
मी मान हलवली. त्यानं नळी खाली टाकली
आणि विमानाच्या नाकावर थाप मारली,
माझ्या पाठीवर नाही.

मंडणगडला पहाटेचे साडेतीन.
अण्णा जागे असतात.
एसटीत वाहतूक नियंत्रक होते एकतीस वर्षं,
निवृत्तीनंतरही पहिली गाडी त्यांच्या डोक्यात सुटते:
बाणकोट, वेळास, म्हाप्रळ,
फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे.

किती शीट?
पन्नास.
म्हणजे आपलीच की.
गावं कुठली?
गार्डन सिटी, नॉर्थ प्लॅट, स्कॉट्सब्लफ.
त्यांनी एकेक नाव परत उच्चारलं,
माइकसमोर उच्चारावं तसं, शेवटचं अक्षर लांबवत.
मुक्काम तिथंच?
हो, रात्री पोचायचं, पहाटे तेच विमान घेऊन निघायचं.
वस्तीची गाडी, अण्णा म्हणाले,
आणि पहिल्यांदाच त्यांना माझा धंदा कळला.

मग सुरू झाले. ज्येष्ठता यादीत नंबर कितवा?
सातशे बेचाळीस.
एकूण किती?
सातशे बेचाळीस.
हसले. खोकला येईपर्यंत हसले.
सगळ्या दिवाळ्या तुझ्याच मग. सगळ्या वस्त्या.
आमचा कांबळे ड्रायव्हर वेळासच्या देवळात झोपायचा,
उशाला गाडीची किल्ली, पायाशी कुत्रं.
तुम्हाला काय देतात?
हॉटेल.
बरं.
पण किल्ली जवळ ठेव.

विमानाला किल्ली नसते, म्हणजे तशी नसते.
मी सांगितलं नाही.

वारा अजून पडलेला नाही.
दोर आणखी एक फेरा घेऊन आवळला.
उद्या सातला परत नळावर:
मॅक्फर्सनच्या अलीकडे, धान्याच्या कोठारांमागे
काल ताजी माती दिसली होती,
कुणाची, ते वहीत लिहायचं राहिलंय.