शेवटचा आकडा

तळोज्याचं पत्र मंगळवारी आलं.
चार पानं, आधी अभिनंदन, मग कलमं,
शुक्रवारी पाचपर्यंत सही करून पाठवा.

कोपरखैरण्याच्या स्वयंपाकघरात वाचलं,
हाताला भाकरीचं पीठ,
करंगळीने पान सरकवत.
पगार रबाळ्यापेक्षा अडीच हजारांनी कमी,
पण रबाळ्याची कंपनी आता दहेजला आहे
आणि मी इथे.
सहा दिवसांचा आठवडा, महिन्यात एक आठवडा रात्रपाळी.
मला सोडायचं तर नव्वद दिवस आधी सांगायचं,
त्यांना काढायचं तर तीस पुरेत.

तुर्भ्याची लॅब अजून काहीच म्हणत नाही.
हळद, डाळी, दुधाचे नमुने,
घरापासून रिक्षाने वीस मिनिटं.
खांबेटे सर दोनदा भेटले.
दुसऱ्यांदा चहा मागवला,
स्वतः उठून माझ्या डोक्यावरचा पंखा कमी केला,
म्हणाले, सोमवारी मॅडमना एकदा भेटून घ्या.
आता पंख्याचा काय अर्थ लावायचा?
तीन रात्री लावते आहे.

नवरा म्हणतो, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस.
ओजस म्हणतो, आई, घे आणि मग सोड,
सगळे तसंच करतात.
त्याला अजून कुणी नोकरी दिलेली नाही.

दादा काहीच म्हणत नाहीत.
एकतीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात मापाडी.
लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन गेले
की गोणीवर बसवायचे अन् सांगायचे,
काटा थांबल्याशिवाय आकडा बोलायचा नाही.
व्यापारी खोकतो, टेम्पोवाला घाई करतो, करू दे.
तू फक्त बघ,
वाकणाऱ्याचा हात गोणीला लागत नाही ना.

माझा काटा काचेच्या घरात राहायचा.
दशांश चिन्हापुढे चार घरं.
दार लोटायचं, हात काढून घ्यायचा,
श्वाससुद्धा मान वळवून सोडायचा,
तरी शेवटचा आकडा हलायचाच.
सात. आठ. सात.
बाहेरून फोर्कलिफ्ट गेली की पुन्हा पहिल्यापासून.
चौदा वर्षं मी त्या आकड्याची वाट बघितली
आणि त्याचाच पगार घेतला.

एक सांगायचं राहिलं.
पहिल्याच फेरीत रेवती कुट्टीने विचारलं होतं,
आणखी कुठे बोलणं चालू आहे का?
नाही, म्हणाले.
इतकं पटकन, की माझं मलाच कौतुक वाटलं.
खांबेटे सरांनीही विचारलं.
तिथेही नाही, त्याच निळ्या ड्रेसवर.

आमच्या वहीत खोडायचं नसतं.
व्हाइटनरची बाटली सापडली तर मेमो.
चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ,
खालचा आकडा वाचता आला पाहिजे,
शेजारी बरोबर आकडा, कारण, सही, तारीख.
किती नव्या पोरींना मी हे शिकवलं,
कडक आवाजात.

शुक्रवारी साडेतीनला गच्चीवर जाऊन फोन लावला.
रेवती, मी तेव्हा नाही म्हणाले, ते खरं नव्हतं.
एका ठिकाणी सोमवारी भेट आहे.
मला मंगळवारपर्यंत वेळ द्याल का?
पलीकडे कीबोर्ड वाजत होता, तो थांबला.
खाली कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती,
किका मारणं चाललं होतं.
विचारून सांगते, म्हणाली.
आवाजात राग नव्हता,
किंवा असेल, मला मोजता आला नाही.
खांबेटे सरांची रेघ सोमवारी, समोरासमोर.

पाच वाजले. साडेपाच.
दादा खिडकीपाशी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले.
काय गं, भाव फुटला?
नाही अजून.
बस मग, म्हणाले, अन् परात माझ्याकडे सरकवली.

पहिल्याच शेंगेत दोन दाणे निघाले, एक पोचट.
मी दोन्ही तोंडात टाकले.