एक वार, दोन वार

मंगळवारी, बाजाराच्या दिवशी,
रस्त्यावर पहिला हक्क मेंढ्यांचा, मग आमचा.
चॅपलच्या भिंतीला पाठ लावून
आम्ही पोटं आत ओढून उभे राहायचो,
आणि शिंगं मोज्यांना घासत जायची.
दिवसभर मग पायांना ओल्या लोकरीचा वास.
मिस पिकर्सगिल खिडकी उघडायच्या. न बोलता.

रोलंडला त्यांचं नाव घेता यायचं नाही.
'प'पाशी तो अडायचा,
बर्फाच्या चढावर दुधाची गाडी अडावी तसा:
चाक जागच्या जागी फिरतंय,
बाटल्या किणकिणतायत.
वर्गात कुणी हसायचं नाही. तेच वाईट होतं.
सगळे आपापल्या दौतीत बघत बसायचे.
मीही. सख्खी बहीण.

बाबा बाजारात मेंढ्यांचे कप्पे धुवायचे.
सुट्टीत डबा घेऊन गेलो की दिसायचं
भुसा पसरलेलं गोल रिंगण,
भोवती लाकडी पायऱ्या, पायऱ्यांवर टोप्या,
टोप्यांखाली गप्प शेतकरी. इतके गप्प
की बोली लावायची तीही भुवईनं,
नाहीतर नाकाला बोट लावून.
आणि सगळ्यांच्या वर मिस्टर ऑल्डरसन,
तोंडातून आकडे सांडत, गिनीमागून गिनी.
ते श्वास कुठे घेतात, मी शोधत राहायचे.
रोलंड नुसते ओठ हलवायचा.

मग एका शनिवारी परसात
तो कोळशाच्या खोलीच्या छपरावर चढला,
हातात बटाटे कुटायचा दांडका.
'पाहा मंडळी, पत्र्याचं घमेलं!
पुढून पोचलेलं, पाठीमागून पक्कं,
पाच शिलिंग, पाच, पाच कोण म्हणतं, साडेपाच...'
सलग.
माझ्या हातातला चिमटा खाली पडला.
आई दारात आली, हात पिठाचे,
बोलली काहीच नाही.
तिनं नाकाला बोट लावलं.
एक वार, दोन वार,
आमचंच घमेलं आईला विकलं गेलं.
पिठाचा ठिपका संध्याकाळपर्यंत नाकावर होता.

त्या उन्हाळ्यात त्यानं काय विकलं नाही.
मिसेस ग्रिमशॉंचा आंधळा टेरियर.
चॅपलचं घड्याळ (दहा मिनिटं मागे, म्हणून सूट).
रविवारचं प्रवचन, न ऐकलेलं, घाऊक भावात.
डोंगरावरचं धुकं, वारानं मोजून.
मला दोनदा: एकदा चार पेन्सला,
एकदा गिऱ्हाईकच मिळेना म्हणून परत घेतलं.
आणि छपरावरून उतरला की
'आई, प-प-प...'
पाणी मी आणून द्यायचे.

चौदाव्या वर्षी ऑल्डरसननी त्याला
खऱ्या रिंगणात उभं केलं. हातोडा दिला.
समोर एकच म्हातारी मेंढी, कान फाटलेला,
आणि साठ टोप्या.
पहिल्या वाक्यात 'प' नव्हताच.
तरी अडला.
हळूहळू टोप्या खाली झुकल्या,
दौतीत बघावं तशा.

फाटकापाशी बाबा झाडू घेऊन उभे.
ना मेंढीला जागा, ना खिशात पैसे.
भर बाजारात त्यांनी
नाकाला बोट लावलं.
रोलंडनं बघितलं. हातोडा आपटला.
साठ टोप्या हसल्या, आणि ते हसू चांगलं होतं.

मेंढी तीन हिवाळे जगली, कोळशाच्या खोलीत,
कधीच पांढरी झाली नाही.

हातोडा त्यानं पुन्हा धरला नाही.
टपालखात्यात चाळीस वर्षं पत्रं लावली,
गावातली सगळी नावं हातांनीच घेतली.
रिंगण होतं तिथे आता सुपरमार्केट आहे,
मेंढ्यांच्या कप्प्यांत गाड्या, एकमेकींकडे न बघणाऱ्या.

रविवारी त्याचा फोन येतो.
मधेच पलीकडे चाक फिरायला लागतं.
त्याचा शब्द मी पुरा करत नाही,
एवढं शिकायला मला साठ वर्षं लागली.
रिसीव्हर धरून उभी राहते,
दुसऱ्या हाताचं बोट नाकाला.
त्याला कसं दिसणार.
तरी.