मोजणी नसलेली रेघ

छत्तीस वर्षं सरळ रेघा मारल्या.
शिरपूर तालुक्यात, तापीच्या थडीपासून
सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत,
बाभळीपासून दगडापर्यंत, दगडापासून विहिरीपर्यंत.
साखळी ताठ, शाई काळी,
आणि रेघेच्या दोन्ही अंगांना दोन भाऊ
एकमेकांकडे न बघता उभे.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वैशाखात
डावा कान बिघडला आणि जमीनच फिरली.
मोरीच्या उंबऱ्यावर दोनदा पडलो.
धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, तोल कानात असतो.
मी आजवर तो बांधावर शोधत होतो.

गोळ्या संपल्या, भिंत धरून चालणं संपेना.
तेव्हा शेजारच्या रत्नप्रभा भामरे,
कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या,
एक जाड निळा खडू घेऊन आल्या.
काका, आडवा आठ काढा.
हात उचलायचा नाही.
मधल्या फुलीवरून जाताना श्वास सोडायचा.
किती काढू?
मोजायचं नाही, म्हणाल्या.
मला. मोजायचं नाही.

पहिला आठ असा आला
की एक पोट भोपळ्याएवढं, दुसरं लिंबाएवढं.
असा पोटहिस्सा पाडला असता
तर नाशिकपर्यंत अपील गेलं असतं.
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, अजून एक.

कागद विकत आणायला जीव होईना.
ट्रंकेत जुनी टिपणं होती, कच्ची, रद्द झालेली.
त्यांच्या पाठीवर काढू लागलो,
सकाळी कूलर लावायच्या आधी
आणि संध्याकाळी ओटा निवल्यावर.
आठ, मग लाट, मग आत आत जाणारी गोगलगाय,
मग तीच वाट धरून बाहेर.
खांदा आधी करकरला, मग गप्प झाला.
कागद उजेडात धरला की
पलीकडची शाई अलीकडे दिसते:
निळ्या वळणाच्या पोटात कुणाची तरी विहीर,
कुणाचा आंबा, कुणाचा सामाईक रस्ता.
माझी नवी रेघ त्या सगळ्यांवरून जाते
आणि कुणी हरकत घेत नाही.

परवा झिपरू आला.
वीस वर्षं माझ्यापुढे साखळी ओढलेला माणूस,
आता गुडघ्यांनी बेजार.
कागद उलटा केला, सुलटा केला,
डोळ्यांजवळ नेला.
“हाई कोनं वावर शे, साहेब?”
कुणाचंच नाही, म्हटलं.
“मंग हद्द?”
हद्द नाही.
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला,
उन्हानं डोकं फिरलेल्याकडे बघावं तसा.
मग कूलरखाली सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून
त्यानं फरशीवर एक गोल काढला,
त्यावरच दुसरा, त्यावर तिसरा.
“पात फिरे ना खयाम्हा, तसं,” म्हणाला.
आणि थांबला नाही. चहा निवला.
दोघं म्हातारे खाली बसून
एक पाण्यानं, एक खडूनं,
काही न मोजता फिरत राहिलो.

आता उंबरा ओलांडताना
भिंतीला हात लागतोच असं नाही.
कधी लागतो.

ट्रंकेच्या तळाशी गट एकशे बारा निघाला.
त्या दिवशी मीच एक कडी ढिली सोडली होती.
कुणी पैसे दिले नव्हते.
ऊन होतं, आणि एसटी चुकली असती.
झिपरूला तेव्हाच कळलं होतं. तो बोलला नाही.
तिथे आता केळी आहे,
एका भावाची एक ओळ जास्त.

तो कागद वेगळा ठेवलाय.
त्याच्या पाठीवर काही काढलेलं नाही.
वाऱ्यानं उडू नये म्हणून वर अडकित्ता ठेवलाय,
आणि बाजूला खडू.